जांभळी फॉक्सग्लोव्ह: लागवड, विषारीपणा आणि रानात पसरणे (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

या वनस्पतीविषयी पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. ज्या गुणांमुळे ती बागेत हवीशी वाटते, त्याच गुणांमुळे ती परक्या प्रदेशात आवरेनाशी होते. म्हणून लागवडीचे प्रश्न आणि रानात पसरण्याचे प्रश्न वेगळे न करता एकाच ओघात घेतले आहेत. एखाद्या उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. जांभळी फॉक्सग्लोव्ह म्हणजे नेमकी कोणती वनस्पती, आणि ती ओळखायची कशी?

डिजिटॅलिस पर्पुरिया हे तिचे शास्त्रीय नाव. ते स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअसने १७५३ साली दिले, पण डिजिटॅलिस हे प्रजातीचे नाव त्याच्याही आधी, १५४२ साली, जर्मन वैद्य व वनस्पतिशास्त्रज्ञ लेओनहार्ट फुक्स याने वापरात आणले होते. जुन्या ग्रंथांत ही वनस्पती स्क्रोफ्युलॅरिएसी कुलात आढळते. जनुकीय अभ्यासानंतर तिला प्लँटॅजिनेसी, म्हणजे इसबगोलाच्या कुलात घेतले गेले. त्यामुळे दोन पुस्तकांत दोन कुले दिसली तरी त्यांत विरोध नाही, फक्त काळाचा फरक आहे.

जमिनीलगत पानांचा दाट गुच्छ असतो. पाने मोठी, सुरकुतलेली, मऊ लव असलेली आणि कडेला बोथट दात असलेली असतात. पात्याचा खालचा भाग निमुळता होत देठावर पंखासारखा उतरतो. फुलोऱ्याचा दांडा सहसा १ ते २ मीटर उंच वाढतो. त्यावर ४ ते ५ सेंटिमीटर लांबीची नळीदार फुले एकाच बाजूला झुकलेली असतात आणि फुलाच्या आत, खालच्या ओठावर, पांढरी कडा असलेले गडद ठिपके दिसतात. फुले नसताना मात्र ओळखण्यात चूक होऊ शकते, आणि ती चूक जिवावर बेतू शकते (प्रश्न १२ पाहावा).

२. ती मूळची कुठली, आणि आता कुठे कुठे आपोआप वाढते?

तिचे मूळ घर पश्चिम युरोप व वायव्य आफ्रिका. ब्रिटिश बेटे, फ्रान्स, आयबेरियन द्वीपकल्प, नॉर्वेचा किनारी भाग आणि मोरोक्को येथे ती स्वाभाविकपणे उगवते. शोभेसाठी आणि औषधासाठी माणसाने तिला जगभर नेले. जेथे हवा थंड व दमट आणि जमीन आम्लधर्मी होती, तेथे ती बागेच्या कुंपणाबाहेर पडून निसर्गीकृत झाली, म्हणजे माणसाने पुन्हा न पेरताही पिढ्यानुपिढ्या टिकून राहिली. उत्तर अमेरिकेचा पॅसिफिक किनारा, कोस्टा रिका व कोलंबियाचे डोंगराळ भाग, दक्षिण चिली, न्यूझीलंड आणि टास्मानिया ही याची ठळक उदाहरणे आहेत.

३. बी पेरून वर्ष होत आले, पण नुसती पानेच आहेत. माझे काही चुकले का?

काहीही चुकलेले नाही. ही वनस्पती द्विवर्षायू आहे. पहिल्या वर्षी ती पानांचा गुच्छ तयार करून अन्न साठवते, मध्ये थंडीचा काळ काढते आणि दुसऱ्या वर्षी फुलोरा धरते. फुलण्यासाठी दोन गोष्टी जुळून याव्या लागतात: गुच्छ पुरेसा मोठा झालेला असला पाहिजे आणि त्याला कित्येक आठवड्यांची थंडी मिळाली पाहिजे. दाट गर्दीत, गडद सावलीत किंवा निकस मातीत वाढलेला लहान गुच्छ दुसऱ्या वर्षीही फुलत नाही. तो तिसऱ्या वर्षापर्यंत थांबतो. अशी रोपे मेली नाहीत, एवढेच पाहून त्यांना राहू द्यावे. बी धरल्यावर बहुतेक रोपे मरतात, तरी काही रोपे बुंध्याजवळून नवे गुच्छ फोडतात आणि आणखी एक हंगाम फुलतात. पहिल्याच वर्षी फुलणाऱ्या वाणांविषयी प्रश्न ७ मध्ये सांगितले आहे.

४. बी कसे पेरावे? मी मातीत व्यवस्थित गाडले, तरी एकही रोप आले नाही.

गाडल्यामुळेच आले नाही. या बियांना रुजण्यासाठी उजेड लागतो. बी मिलिमीटरपेक्षाही लहान असते आणि त्यात अन्नसाठा नाममात्र असतो. खोलवर रुजले तर कोंब वर येण्याआधीच संपेल. म्हणून अंधारात ते निद्रिस्त राहते. रोपांच्या ट्रेमध्ये बारीक, भुसभुशीत मिश्रण भरून ते आधी भिजवावे, बी वरून विरळ भुरभुरावे, बोटाने हलके दाबावे आणि वर माती अजिबात टाकू नये. झारीच्या धारेने बी वाहून जाते, त्यामुळे पाणी खालून शोषू द्यावे किंवा बारीक फवाऱ्याने द्यावे. १५ ते २० अंश सेल्सिअस तापमानात साधारण दोन ते तीन आठवड्यांत रोपे दिसू लागतात.

उन्हाळ्याच्या सुरुवातीस पेरले तर थंडीपूर्वी गुच्छ चांगले पोसतात आणि पुढील वर्षी फुलतात. रोपे हाताळता येण्याइतकी झाली की वेगळी करून, कायमच्या जागी दोन रोपांत सुमारे ४० सेंटिमीटर अंतर ठेवून लावावीत. येथे हात आखडता घेऊ नये, कारण दाटी झाली की गुच्छ लहान राहतात आणि फुले लांबणीवर पडतात.

उजेडाची ही गरज लक्षात ठेवावी. पुढील अनेक उत्तरांचे, विशेषतः प्रश्न १४ व १५ चे, मूळ तीच आहे.

५. जमीन, ऊन आणि पाणी कसे असावे?

निचरा होणारी, कुजलेल्या पालापाचोळ्याने समृद्ध, किंचित आम्लधर्मी जमीन आणि विरळ सावली हे तिला सर्वांत मानवते. चुनखडीच्या जमिनीत ती रानात सहसा आढळत नाही. बागेत मात्र भरपूर कंपोस्ट घातले तर तेवढी अडचण येत नाही. जमीन ओलसर राहील असे पाहिले तर ती पूर्ण उन्हातही वाढते. थंडीच्या काळात बुंध्यापाशी पाणी साचू देऊ नये. मूळकूज होऊन रोप जाते ते बहुधा थंडीमुळे नव्हे, साचलेल्या पाण्यामुळे.

६. उष्ण प्रदेशात ती लावता येईल का?

बहुवर्षीय भरवशाचे झाड म्हणून नाही. थंडी न मिळालेला गुच्छ फुलत नाही आणि कडक उन्हाळ्यात तो कुजतो किंवा करपतो. थंड हंगामाच्या तोंडाशी वाढीला लागलेली रोपे लावून, पहिल्याच वर्षी फुलणारे वाण घेऊन, ती हंगामी फुलझाडासारखी वाढवावी आणि उन्हाळा लागताच काढून टाकावी. बी धरून पुन्हा आपोआप उगवेल, अशी अपेक्षा तेथे ठेवू नये.

७. वाण कोणता निवडावा?

रानटी रूपाची एकाच बाजूला झुकलेली फुले ज्यांना आवडतात, त्यांनी साधी जातीच लावावी. मला स्वतःला तिच्यासारखे डौलदार काही वाटत नाही. ‘एक्सेल्सियर’ गटात फुले दांड्याभोवती सर्व बाजूंनी येतात आणि जवळजवळ आडवी उभी राहतात, त्यामुळे आतले ठिपके दिसतात. ‘सटन्स अॅप्रिकॉट’ची फुले जर्दाळूच्या रंगाची असतात, तर ‘पॅम्स चॉइस’ची पांढरी असून आत गडद मरून डाग असतात. ‘फॉक्सी’ हा ठेंगणा वाण आणि ‘डाल्मेशियन’ ही संकरित मालिका लवकर पेरल्यास पहिल्याच वर्षी फुलतात.

८. फुलाच्या आतले ठिपके कशासाठी असतात? आणि खालची फुले आधी का उमलतात?

या दोन्हींचे नाते परागणाशी आहे. मूळ प्रदेशात या फुलांकडे मुख्यतः बंबलबी, म्हणजे केसाळ, जाड शरीराच्या मधमाश्या येतात, आणि त्यांतही लांब जिभेच्या जातींचे येणे अधिक असते. खालचा ओठ त्यांना उतरायला जागा देतो, ठिपके आतल्या मधुरसाकडे जाणारी वाट दाखवतात असे मानले जाते, आणि नळीत शिरलेल्या माशीची पाठ छताला चिकटलेल्या परागकोशांना व कुक्षीला घासते.

उमलण्याच्या क्रमातली योजना त्याहून सूक्ष्म आहे. प्रत्येक फूल आधी पराग सोडते आणि मग त्याची कुक्षी ग्रहणक्षम होते. फुलोरा खालून वर उमलत असल्यामुळे कोणत्याही क्षणी खालची फुले स्त्री अवस्थेत आणि वरची पुरुष अवस्थेत असतात. माशी सर्वांत खालच्या, मधुरस अधिक असलेल्या फुलापासून सुरुवात करून वर चढत जाते. म्हणजे दुसऱ्या झाडावरून आणलेले पराग ती आधी खालच्या कुक्षींवर ठेवते आणि वरच्या फुलांचे ताजे पराग घेऊन पुढच्या झाडाकडे निघते. अशा रीतीने परपरागण साधते. तरीही ही वनस्पती स्वतःच्या परागांनीही बी धरू शकते, ही बाब प्रश्न १४ मध्ये महत्त्वाची ठरते.

९. फुले संपल्यावर दांडा कापावा की ठेवावा?

पुढच्या वर्षी रोपे हवीत की नकोत, यावर ते अवलंबून आहे. एकेका बोंडात शेकडो बिया असतात आणि एका जोमदार झाडाच्या बिया लाखांच्या घरात जातात. सगळे दांडे ठेवले तर बागेत इतर रोपांना जागा उरणार नाही. पहिला मुख्य दांडा खालची बोंडे तपकिरी होण्याआधी कापला तर बाजूने लहान फुलोरे फुटतात आणि बहर काही आठवडे लांबतो. रोपे हवी असतील तर एखाद-दुसरा दांडाच वाळू द्यावा. जेथे ही वनस्पती परकी आहे आणि बागेलगत ओढा, रान किंवा कुरण आहे, तेथे एकही दांडा वाळू देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

१०. पांढऱ्या फुलांची रोपे लावली होती, पण त्यांच्या बियांपासून जांभळी फुले आली. असे का?

पांढरा रंग हा अप्रभावी गुण आहे, म्हणजे जांभळ्या रंगाचा गुण सोबत आला की तो झाकला जातो. आसपास जांभळी झाडे असतील तर मधमाश्या त्यांचे पराग पांढऱ्या फुलांवर आणतात आणि त्या बियांपासून जांभळी संतती निपजते. पांढरी ओळ शुद्ध ठेवायची असेल तर जांभळ्या झाडांचे दांडे उमलण्यापूर्वीच काढावेत. लहान रोपांतही निवड करता येते: देठावर किंवा मधल्या शिरेच्या तळाशी जांभळट-तांबूस झाक दिसली तर ते रोप रंगीत फुलांचे असण्याची शक्यता जास्त, निव्वळ हिरव्या देठाची रोपे ठेवावीत.

११. ही वनस्पती किती विषारी आहे? नुसता हात लावला तरी धोका आहे का?

पान, फूल, बी, मूळ असे तिचे सर्व भाग विषारी आहेत, आणि वाळवल्याने किंवा उकळल्याने विष नाहीसे होत नाही. फुलदाणीतले पाणीही विषारी समजावे. डिजिटॉक्सिन व त्याच्या वर्गातील ग्लायकोसाइडे (साखरेचा अंश जोडलेली वनस्पतिज द्रव्ये) हृदयाच्या पेशींतील सोडियम-पोटॅशियम पंप रोखतात. पेशीत सोडियम वाढते, त्यामागोमाग कॅल्शियम वाढते आणि आकुंचनाचा जोर वाढतो. मात्रा जास्त झाली की हाच परिणाम हृदयाची लय बिघडवतो. मळमळ, उलट्या, भोवळ, मंद किंवा अनियमित नाडी, गोंधळलेपण आणि वस्तू पिवळट-हिरवट दिसणे ही विषबाधेची लक्षणे आहेत.

हात लावल्याने विषबाधा होत नाही. मात्र पानांच्या लवेने काहींच्या त्वचेला खाज सुटते. हातमोजे घालावेत, काम झाल्यावर हात धुवावेत, आणि लहान मुले खेळतात त्या कोपऱ्यात ही झाडे लावू नयेत. कोणी कोणताही भाग खाल्ल्याची शंका आली तर लक्षणांची वाट न पाहता, उलटी करवण्याचा प्रयत्न न करता, वनस्पतीचा तुकडा किंवा छायाचित्र घेऊन ताबडतोब रुग्णालय गाठावे. डिगॉक्सिन (याच वर्गातील हृदयाचे औषध, प्रश्न १३ पाहावा) याच्याविरोधी प्रतिपिंडांचे विशिष्ट उतारा-औषध उपलब्ध आहे आणि ते वेळेवर मिळणे निर्णायक ठरते.

१२. कॉम्फ्रीच्या पानांशी तिची गल्लत होते असे ऐकले. फरक कसा ओळखावा?

होय, कॉम्फ्री ही घरगुती काढ्यासाठी वापरली जाणारी वनस्पती आहे, आणि कॉम्फ्री समजून या पानांचा चहा प्याल्याने गंभीर विषबाधा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. पहिल्या वर्षीचे गुच्छ खरोखरच सारखे दिसतात. कॉम्फ्रीच्या पानाची कडा सलग असते आणि त्यावरचे केस राठ, बोचरे असतात. फॉक्सग्लोव्हच्या पानाच्या कडेला बारीक दात असतात आणि लव मऊ असते. तरी हा फरक माहितीसाठी आहे, खाण्याचा परवाना म्हणून नव्हे. ज्या जागी फॉक्सग्लोव्ह उगवते, तेथील कोणतेही पान चहा-काढ्यासाठी तोडू नये.

१३. हृदयाचे औषध याच झाडापासून होते ना? मग पानांचा काढा थोड्या प्रमाणात घ्यायला काय हरकत आहे?

हा प्रश्न सतत येतो आणि त्याचे उत्तर निःसंदिग्ध आहे: घेऊ नये. इंग्लंडमधील वैद्य विल्यम विदरिंग याला १७७५ साली श्रॉपशायरमधील एका वृद्धेच्या घराण्यात चालत आलेल्या सुजेवरच्या पाककृतीविषयी मत विचारण्यात आले. त्यात वीसहून अधिक वनस्पती होत्या आणि गुण फॉक्सग्लोव्हचाच असणार, हे त्याने ताडले. पुढची दहा वर्षे रुग्णांवरचे अनुभव, अपयशे व विषबाधाही नोंदवून १७८५ साली त्याने आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याची सर्वांत मोठी चिंता मात्रेचीच होती: ऋतूनुसार पानांची ताकद बदलते म्हणून ती फुलोऱ्याच्या सुमारास तोडावीत, असे तो सांगतो. पुढे विसाव्या शतकातही पानांच्या भुकटीची ताकद प्राण्यांवर चाचणी करून ठरवावी लागत असे.

उपयुक्त मात्रा आणि घातक मात्रा यांच्यात अंतर फार थोडे आहे, आणि एका पानातून दुसऱ्या पानात द्रव्याचे प्रमाण बदलते. डिजिटॉक्सिन तर शरीरातून अतिशय हळू बाहेर पडते, त्याचे प्रमाण निम्म्यावर यायला आठवडाभर लागू शकतो, त्यामुळे रोजचा ‘थोडासा’ काढा साचत जातो. आज डॉक्टर जे डिगॉक्सिन देतात ते सिडनी स्मिथ याने १९३० साली वेगळे केले आणि ते डिजिटॅलिस लॅनाटा या दुसऱ्या जातीपासून मिळते. जी व्यक्ती हे औषध आधीच घेत आहे, तिला बागेतल्या पानांचा धोका अधिकच आहे.

१४. मग ही आक्रमक वनस्पती म्हणावी का?

प्रदेशानुसार उत्तर बदलते. मूळ प्रदेशात ती जंगलतोडीनंतर उघड्या पडलेल्या जागी, ढासळलेल्या कडांवर आणि जळालेल्या रानात मोठ्या संख्येने उगवते, काही वर्षे फुलते, आणि झाडी पुन्हा दाट झाली की दिसेनाशी होते. मात्र तिचे बी मातीत वर्षानुवर्षे जिवंत राहते आणि पुन्हा कधी जमीन उकरली गेली, उजेड पोहोचला, की रुजते. प्रश्न ४ मधील उजेडाची गरज येथे तिची ताकद ठरते.

परक्या प्रदेशात माणूस रस्ते कापतो, झाडे तोडतो, कुरणे चारून उघडी पाडतो, आणि अशा जागा तिला सदैव मिळत राहतात. बियांना पंख किंवा काटे नसतात, त्यामुळे बहुतेक बी आईच्या पायाशीच पडते. लांबचा प्रवास घडतो तो वाहत्या पाण्यातून, खडी-मुरुमातून, गाड्यांच्या चाकांतून आणि बुटांच्या तळव्यांतून. स्वपरागणाची सोय असल्याने एकटे पडलेले झाडही वसाहत सुरू करू शकते. न्यूझीलंडमध्ये १८८५ साली लाल क्लोव्हर या चाऱ्याच्या पिकाच्या परागणासाठी ब्रिटनमधून बंबलबी आणून सोडल्या गेल्या. त्यामुळे फॉक्सग्लोव्हला तेथे आपल्या ओळखीचे परागक मिळाले. कॅलिफोर्नियाच्या आक्रमक वनस्पती परिषदेने तिचा परिणाम ‘मर्यादित’ श्रेणीत धरला आहे. याचा अर्थ निर्धास्त राहावे असा नाही. ओलसर कुरणात ती गवताला हटवते आणि तेथे गुरे चरत असतील तर प्रश्न १६ मधील धोका उभा राहतो.

१५. रानात पसरलेली झाडे काढायची कशी? दरवर्षी उपटूनही पुन्हा येतात.

उपटणे योग्यच आहे, पण वेळ आणि पद्धत पाळावी लागते. जमीन ओली असताना, बोंडे पिकण्यापूर्वी, बुंध्यासकट झाड काढावे. वरून कापलेले झाड बाजूने पुन्हा फुटते. बोंडे धरलेले दांडे आधी पिशवीत कापून घ्यावेत, नाहीतर उपटताना हिसक्यानेच बी सांडते. उपटलेली झाडे तेथे पडू देऊ नयेत.

पुन्हा येणारी रोपे ही बहुधा राहून गेलेल्या झाडांची नसून मातीत आधीच साठलेल्या बियांची असतात, आणि उपटताना उकरलेली जमीन त्यांना उजेड देते. म्हणून जागा मोकळी न सोडता स्थानिक गवत किंवा झुडपांनी लगेच झाकावी, आणि काही वर्षे सलग फेरी ठेवावी. द्विवर्षायू असल्याने एक वर्ष खंड पडला तरी एक पिढी बी टाकून जाते.

१६. गुरे आणि पाळीव प्राणी ही पाने खातात का?

चव कडू असल्याने चरणारी जनावरे सहसा ती टाळतात. हरणे आणि ससेही टाळतात, म्हणूनच बागेत ती सुरक्षित राहते. खरा धोका वाळलेल्या चाऱ्यात असतो, कारण तेथे जनावराला निवडून खाणे जमत नाही आणि विष तर कायम असते. उपटून टाकलेली, सुकत चाललेली झाडेही खाल्ली जाऊ शकतात. कुत्री-मांजरांनी चावल्यास उलटी, अशक्तपणा किंवा अनियमित नाडी दिसते. पशुवैद्याला तत्काळ दाखवावे.

१७. पानांवर डाग पडतात, खालून बुरशी दिसते. उपाय काय?

वरच्या बाजूला पिवळट डाग आणि त्याच जागी खाली पांढरट-करडी बुरशी असेल तर तो केवडा रोग आहे. बाधित पाने काढून नष्ट करावीत, रोपांत अंतर वाढवावे, पाणी बुंध्याशी द्यावे आणि त्या जागी काही काळ फॉक्सग्लोव्ह लावू नये. तपकिरी ठिपक्यांचा रोग त्या मानाने सौम्य असतो. मावा आणि गोगलगायी मुख्यतः कोवळ्या रोपांना सतावतात.

१८. दांड्याच्या टोकाला एकच मोठे, वाटीसारखे उघडे फूल आले आहे. हा रोग आहे का?

रोग नव्हे. हे आनुवंशिक वैगुण्य आहे: फुलोऱ्याचे टोक वाढत राहण्याऐवजी एका नियमित, चक्राकार फुलात संपते. नेहमीच्या नियमाविरुद्ध हे टोकाचे फूल खालच्या फुलांच्या आधी उमलते. हा गुण अप्रभावी असल्यामुळे बी धरल्यास पुढच्या पिढीत तो दिसेलच असे नाही.

१९. संकरित फॉक्सग्लोव्ह लावली तर पसरण्याची भीती राहत नाही, हे खरे का?

प्रत्येक संकराबाबत नाही. डिजिटॅलिस मर्टोनेन्सिस हा जांभळ्या व पिवळ्या मोठ्या फुलांच्या जातींचा संकर १९२० च्या दशकात इंग्लंडमधील जॉन इन्स संस्थेत तयार झाला. त्याचे गुणसूत्र-संच दुप्पट झाल्याने तो बी धरतो आणि बियांपासून तसाच निपजतो. उलट कॅनरी बेटांवरील जातीशी केलेला ‘इल्युमिनेशन’ मालिकेतील संकर वंध्य आहे. प्रश्न ७ मधील पहिल्या वर्षी फुलणारे वाण मात्र जांभळ्या जातीचेच आहेत, त्यांचे बी रुजते. दांडे कापण्याचा नियम त्यांनाही लागू आहे.

२०. परक्या प्रदेशात राहून ही वनस्पती स्वतः बदलते का?

बदललेली आढळली आहे. कोस्टा रिका व कोलंबियाच्या डोंगरांत तिच्या फुलांना बंबलबीबरोबरच हमिंगबर्ड पक्षीही भेट देतात. असा परागक तिला मूळ घरी कधीच नव्हता. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ब्रिटनमधील आणि या दोन देशांमधील फुलांची मोजमापे ताडून पाहिली, तेव्हा तेथील फुलांत नळीचा तळाकडचा अरुंद भाग अधिक लांब झालेला दिसला. मधुरस तेथेच असतो आणि लांब चोचीचा पक्षी तेथपर्यंत सहज पोहोचतो. साधारण दोनशे वर्षांत, म्हणजे या वनस्पतीच्या शंभरहून कमी पिढ्यांत, हा बदल घडला.